तळहाताएवढी झाडं: आमची वाटचाल

आम्ही बोन्साय, म्हणजे कुंडीत वाढवलेली बुटकी झाडं, करतो. सुरुवात वड-पिंपळापासूनच झाली, कारण ती झाडं सहसा दगा देत नाहीत. पण 10 सेंटिमीटरच्या आतलं झाड, म्हणजे जपानी लोक ज्याला मामे म्हणतात ते, करायचं ठरवलं की पिंपळ बाद. पान कितीही लहान केलं तरी ते त्या मापात बसत नाही. मग निवडीचे निकष बदलले: पान मुळातच बारीक हवं, पेरं जवळजवळ हवीत, जुन्या लाकडावर फुटवा यायला हवा. फळाचं तर मापच बदलत नाही. करवंद छोट्या झाडावरही करवंदाएवढंच लागतं. आज आमचा भर गुग्गुळ, मेंदी, शमी आणि पोर्चुलाकारियावर (जाड, रसाळ पानांचं झुडूप) आहे.

छोट्या कुंडीत खोड जाड होत नाही, हे गिऱ्हाइकांना सारखं सांगावं लागतं. खोड आधी मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत वाढवायचं आणि खालची एक फांदी न छाटता मोकळी सोडायची. उंचीच्या साधारण एक षष्ठांश जाडी आली, म्हणजे 9 सेंटिमीटरच्या झाडाला दीड, की ती फांदी आणि शेंडा उडवायचा.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते मातीने. कुंडी उथळ असो वा खोल, तळाशी पाणी धरून ठेवणारा थर तेवढ्याच उंचीचा राहतो; 3 सेंटिमीटरच्या कुंडीत बारीक माती भरली तर तो थर म्हणजे जवळपास अख्खी कुंडी. म्हणून विटांचे तुकडे आणि जाड वाळू 2 ते 4 मिलिमीटरची चाळून घेतो, भुकटी टाकून देतो. शेणखत मेंदीला थोडं, गुग्गुळाला जवळजवळ नाहीच. अशी माती उन्हाळ्यात काही तासांत वाळते, त्यामुळे मेंदी आणि शमीच्या कुंड्या ओल्या वाळूच्या ट्रेमध्ये सेंटिमीटरभर रुतवतो. मुळं भोकातून वाळूत शिरतात, म्हणून अधूनमधून उचलून छाटावी लागतात.

गुग्गुळ आणि पोर्चुलाकारियाला हा ट्रे वर्ज्य. पोर्चुलाकारियाची काडी आठवडाभर सावलीत सुकवून, कापलेली जागा कडक झाल्यावरच लावायची. फांदीला वळण देण्यासाठी तार बांधण्याआधी पाणी तोडायचं: फांदी जरा मऊ पडली की वाकते, पाणी भरलेली असेल तर काटकन मोडते. खोड मांसल असल्याने 1 मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तारही पटकन रुतते. दर पंधरवड्याला बघावं.

गुग्गुळ कोरड्या दिवसांत पानं गाळतो. झाड मेलं समजून लोक पाणी ओततात आणि तेव्हा ते खरंच मरतं. कागदासारखी साल नखाने खरवडा. खाली हिरवं असेल आणि खोड दाबून टणक लागत असेल तर थांबा. नुसती लिबलिबीत जागा असेल तर निरोगी लाकडापर्यंत कापून, सुकवून पुन्हा लावा. जंगलातला गुग्गुळ नामशेष होण्याच्या मार्गावर असल्याने आम्ही उपटलेलं झाड घेतच नाही, रोपं स्वतःच्या मातृवृक्षांच्या काड्यांपासूनच करतो.