सर्टिफिकेटांची फाइल राहू दे, आंब्याचं बोल

बारावीनंतर अशोका, अझीम प्रेमजी नाहीतर थेट अमेरिकेतल्या कॉलेजांचे फॉर्म भरणारी पोरं हल्ली आमच्या रत्नागिरीतपण दिसायला लागलीत, आणि आईवडील माझ्याकडे येतात ते एकच घेऊन, मॅडम ह्याच्याकडे अभ्यासाबाहेरच्या ॲक्टिव्हिटीच नाहीत, कुठला कोर्स लावू? आधी एक सांगते, जेईई-सीईटीने इंजिनिअरिंगला जायचं असेल तर ह्या भानगडीत पडूच नका, तिथे मार्क आणि रँकवर काम चालतं.

पण अमेरिकेचा कॉमन ॲप, म्हणजे तिथल्या बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन फॉर्म, उघडून बघा. ॲक्टिव्हिटीसाठी जास्तीत जास्त १० जागा, आणि प्रत्येकीचं वर्णन १५० अक्षरांत, स्पेस धरून! पुढे विचारतात नववी ते बारावी कुठल्या वर्षी केलं, आठवड्याला किती तास, वर्षात किती आठवडे. आता पुण्यात दोन दिवसांचं लीडरशिप शिबिर करून आणलेलं सर्टिफिकेट ह्यात कुठे बसवणार? आणि त्याची फी ऐकलीत तर चक्कर येईल, ते वेगळंच.

त्याच फॉर्मात घरच्या जबाबदाऱ्या आणि पगारी काम असे प्रकारपण दिलेले आहेत, हे आपल्याकडे कोणाला माहीतच नसतं. पावसकडची एक मुलगी आली होती, म्हणे मी काहीच करत नाही. म्हटलं मार्च ते मे काय करतेस? तर घरची कलमं आहेत, वाशी मार्केटला जाणाऱ्या पेट्या पेंढा घालून भरायच्या, घरगुती गिऱ्हाइकांचा आंबा पिकायला आढीत लावायचा, आणि दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली की भाडं, हमाली, कमिशन वजा जाऊन हातात काय राहिलं ते पप्पांबरोबर बसून बघायचं. अगं मग हेच तर लिही ना! अकरावीत तिने पट्टीचा भाव आणि व्हॉट्सॲपवर पुण्याला थेट विकलेल्या पेटीचा भाव शेजारी शेजारी एक्सेलमध्ये मांडला, नंतर वाडीतल्या आणखी बागायतदारांच्या पट्ट्या मागून आणल्या (त्या मिळवताना किती चहा झाले असतील देव जाणे). ॲक्टिव्हिटी वाढवायची ती अशी, आहे त्याच कामात आणखी आत शिरून. फॉर्मात 'घरच्या व्यवसायात मदत केली' एवढंच लिहिलं असतं तर सगळं वाया. किती पेट्या, कुठला हिशेब, त्यातून घरात काय बदललं, हे आलंच पाहिजे.

शिमग्याचंही तसंच. नमनात, म्हणजे आपल्या कोकणातल्या लोकनाट्यात, मृदंग वाजवणारा पोरगा वर्षाचे थोडेच आठवडे वाजवतो, तर तेवढेच लिहावेत, फुगवून बावन्न करू नयेत, नंतर कोणी विचारलं की त त प प होतं. पण पावसाळ्यात त्याने नमनातल्या जुन्या कलाकारांकडे, खेळ्यांकडे बसून गण-गवळणी वहीत उतरवून घेतल्या, धाकट्यांना हात बसवायला शिकवलं, तर ते आठवडे खरेच वाढतात. वेळास-आंजर्ल्याकडची मुलं कासवांचं सांगतात, तिथे मी पहिलं विचारते की पिल्लं समुद्रात सोडताना फोटो काढलास की अख्खा सीझन कासवमित्रांबरोबर पहाटे किनारा चाललास? दुसरं असेल तर कुठल्या तारखेला घरटं सापडलं, अंडी किती, पिल्लं किती बाहेर आली, ह्या नोंदी ठेव. फोटो सगळ्यांकडे असतात रे.

दहाच्या दहा जागा भरायचा अट्टाहासपण नको. चार-पाच दमदार असल्या तर माझ्या मते पुरे. घरातल्यांना रिकाम्या जागा बघवत नाहीत, मग तिसरीतली चित्रकला स्पर्धापण आत येते, आणि फॉर्म तर नववीपासूनचं विचारतोय!

राहता राहिलं सरांचं शिफारसपत्र. आपल्याकडे सर प्रेमाने लिहितात, 'विद्यार्थी नम्र, आज्ञाधारक व नियमित आहे', आणि पत्र संपलं. सरांना तुमच्या बागेतलं नाहीतर नमनातलं कसं माहीत असणार? तेव्हा एका कागदावर काय केलं ते मुद्द्यांत लिहून, ती वही किंवा एक्सेलची प्रिंट जोडून त्यांच्याकडे जा, आणि गणपतीच्या सुट्टीआधी जा, कारण नोव्हेंबरच्या डेडलाइनवाल्यांना त्यानंतर दिवस राहत नाहीत आणि सर तर सुट्टीत गावी गेलेले असतात, तिथे रेंज नसते.