सुनौली ते काठमांडू: नेपाळचे जुने मुलूख, नवे प्रदेश

भारत-नेपाळ सीमेवरच्या सुनौलीची कमान ओलांडली की सगळ्या पाट्या देवनागरीत. त्या आपल्याला घडाघड वाचता येतात, आणि फसगतही तिथेच होते. एकच नाव इथे १९६२ नंतरच्या अंचलाचं (जुन्या प्रशासकीय विभागाचं) असतं आणि २०१५च्या संविधानानंतरच्या प्रदेशाचंही. हद्दी मात्र दोन्हींच्या वेगळ्या.

पूर्वी १४ अंचल आणि ७५ जिल्हे होते, आता ७ प्रदेश आणि ७७ जिल्हे आहेत. अंचल कागदावरून गेले, तरी जुन्या गाड्यांच्या नंबरपाटीवर टिकून आहेत: भैरहवा-बुटवलकडे ‘लु’ (लुम्बिनी), पोखऱ्याला ‘ग’ (गण्डकी), काठमांडूला ‘बा’ (बागमती). पाटीचा रंगही बघा. काळी म्हणजे भाड्याची, लाल म्हणजे खासगी, हिरवी पर्यटकांची. लाल पाटीच्या गाडीत कोणी सीटमागे भाडं घेऊन बसवू लागला तर बसू नका.

सीमेवर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. भारतीय १०० रुपयांचे नेपाळी १६० होतात. शंभराच्या नोटा न्या. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा. तिकिटावरची तारीख विक्रम संवतातली असते आणि साल आधी लिहितात. संविधानाचाच दिवस घ्या: तिथे २०७२ असोज ३ गते (गते म्हणजे तारीख), आपल्याकडे २० सप्टेंबर २०१५. त्यांचे महिने सौर आहेत, त्यामुळे असोज म्हणजे आपला आश्विन असं धरून आरक्षण केलंत तर दिवस चुकतील.

भैरहव्यात नुसतं ‘लुम्बिनी’ म्हटलं की बुद्धाचं जन्मस्थान. लुम्बिनी प्रदेशाची राजधानी तिथून बरीच पश्चिमेला, दाङ जिल्ह्यातल्या देउखुरीत आहे. पत्ता जिल्ह्यासकट विचारावा, आणि नवलपरासीच्या बाबतीत तर नक्कीच. या जिल्ह्याचे दोन तुकडे झाले: पूर्वेचा गण्डकी प्रदेशात (मुख्यालय कावासोती), पश्चिमेचा लुम्बिनीत (मुख्यालय परासी). रुकुमचंही तसंच, पूर्व रुकुम लुम्बिनीत आणि पश्चिम रुकुम कर्णालीत.

बुटवलहून तानसेन साधारण ४० किलोमीटर. बसवर ‘तानसेन’ शोधत बसू नका, पाटी ‘पाल्पा’ची असते. पाल्पा हे सेन राजांचं राज्य. ते गोरखा राज्याच्या हाती लागलं ते थेट १८०६च्या सुमारास, आणि लोकांच्या तोंडी गाव अजून पाल्पाच आहे. बुटवल सोडताच सिद्धबाबाचा टप्पा लागतो. वरून दगड सुटतात, पावसाळ्यात रस्ता बंद पडतो. बसपार्कवर चौकशी करून सकाळीच निघा. तानसेनचा बाजार चांगलाच चढावर आहे, सामान बेताचं असू द्या. नेपाळी टोप्यांचं ढाका कापड घ्यायचं तर इथेच.

पोखऱ्याहून गोरख्याला, म्हणजे शाह राजांच्या मूळ गावी, जायचं तर पृथ्वी राजमार्गावर आँबुखैरेनीला फाटा आहे, तिथून २४ किलोमीटर. थेट बस चुकली तर फाट्यावर उतरून माइक्रो (छोटी प्रवासी व्हॅन) पकडा. ती भरल्याशिवाय हलत नाही, तासभर हाताशी ठेवा. दरबार, म्हणजे राजवाडा, गावाच्या डोक्यावर आहे आणि पायऱ्या दमवतात. कालिकेच्या मंदिराशी चामडं चालत नाही, पट्टा-पाकीट आधीच काढून ठेवा.

इथून पुढे नुवाकोट मुळीच गाळू नका. बहुतेक जण गाळतात, आणि नेपाळ कसा जुळला हे कळण्याची जागा नेमकी तीच. गोरख्याचे राजे पृथ्वीनारायण शाह यांनी १७४४ मध्ये नुवाकोट घेतलं, कारण तिबेटच्या व्यापाराची वाट त्याच्या नजरेखाली होती. काठमांडूचं खोरं पडायला पुढे २५ वर्षं गेली: १७६८ मध्ये काठमांडू आणि पाटन, १७६९ मध्ये भक्तपूर. गल्छीला राजमार्ग सोडून त्रिशूलीच्या काठाने बट्टारला या, तिथून दरबाराचा चढ. २०१५च्या भूकंपात सात मजली दरबाराला मोठा तडा बसला होता.

खोऱ्यातल्या मल्ल राजांची तीन राज्यं आज काठमांडू, ललितपूर, भक्तपूर असे तीन जिल्हे आहेत. तिन्ही दरबार चौकांची तिकिटं वेगळी. भारतीयांना सार्क देशांचा दर लागतो, ओळखपत्र खिडकीवरच दाखवा. थापाथलीचा बागमतीवरचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. कागदावर तो ललितपूर, लोकांच्या बोलण्यात पाटन. काठमांडूतल्या रत्नपार्कला उभं राहून मात्र यांतलं एकही नाव ऐकू येणार नाही. पाटनच्या माइक्रोचा खलासी (कंडक्टर) तिथल्या बसथांब्याचं नाव घेत ‘लगनखेल, लगनखेल’ असं ओरडत असतो.