घाटात दम टाकणारा ट्रक आणि डिझेलची वाट

आमचा सहाचाकी ट्रक आता पंचवीस वर्षांचा झाला आहे. सहा सिलिंडरचे, १६० अश्वशक्तीचे टर्बो (हवा दाबून भरणारे) इंजिन, सिलिंडरांना डिझेल पुरवणारा यांत्रिक इनलाइन पंप, आणि वायरिंग म्हणजे स्टार्टर, डायनामो व दिव्यांपुरते. गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून साताऱ्याकडे माल भरून जाताना हा ट्रक खंबाटकी घाटात दम टाकू लागला. पायथ्यापर्यंत तो व्यवस्थित येई; चढाला लागून चार-पाच मिनिटे झाली की ओढ कमी होई, तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर यावे लागे, आणि शेवटी पहिल्या गिअरमध्येही इंजिन गुदमरे. मात्र कडेला घेऊन दहा मिनिटे इंजिन बंद ठेवले की तोच ट्रक पुन्हा काही अंतर जोमाने चढे.

आमचे चालक काका पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "मालक, गाडी ओढत नाही, पण धूरही काढत नाही." डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या ज्या कारागिराकडे आम्ही गाडी नेली त्याने हे वाक्य मनावर घेतले नाही. पंप उतरवला गेला, त्याच्या आतले एलिमेंट आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह हे भाग बदलले गेले, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल तपासले गेले, २८ हजार रुपये खर्च झाले, आणि पुढच्याच खेपेला गाडी घाटात त्याच ठिकाणी थांबली. याचे मला आजही वाईट वाटते, कारण निदानाचा अर्धा भाग काकांच्या त्या एका वाक्यातच होता.

डिझेल इंजिनाची ताकद कमी झाली आणि त्याच वेळी काळा धूर वाढला, तर सिलिंडरमध्ये डिझेल पोहोचते आहे पण ते जाळायला हवा पुरत नाही, असे समजावे. मग एअर फिल्टर, टर्बोनंतरच्या नळ्या आणि त्यांचे क्लॅम्प पाहावेत. ताकद गेली आणि धूरही नाहीसा झाला, तर डिझेलच कमी पडते आहे. आमच्या गाडीत गिअर बदलताना नेहमी येणारा काळा झोतही बंद झाला होता.

डिझेल कमी पडते म्हणजे पंपच खराब असे मात्र नव्हे. टाकीतील जाळी, तिथून येणारी नळी, टाकीतून डिझेल ओढणारा छोटा फीड पंप, दोन फिल्टर आणि मग मुख्य पंप, अशी ही वाट आहे. फीड पंपाच्या पुढे डिझेल साधारण एक ते दीड बार दाबाने ढकलले जाते. त्यामुळे त्या भागात गळती असेल तर ती ओलसरपणाने दिसते. फीड पंपाच्या मागे मात्र डिझेल ओढले जाते. तिथे एखादा तांब्याचा वॉशर सैल असला तरी बाहेर थेंब दिसत नाही, उलट बाहेरची हवा आत शिरते. म्हणून नळी कोरडी आहे एवढ्यावरून ती निर्दोष ठरत नाही.

हा दोष गॅरेजमध्ये का सापडत नाही, यामागे साधे गणित आहे. आयडलवर, म्हणजे गाडी उभी असताना नुसते चालू, असे इंजिन ताशी दीड-दोन लिटर डिझेल घेते, पूर्ण ताकदीने घाट चढताना ताशी सुमारे ३० लिटर. शिवाय फीड पंप इंजिनाच्या गरजेपेक्षा जास्त डिझेल उचलतो आणि उरलेले रिटर्नने, म्हणजे परतीच्या नळीने, टाकीत जाते. अर्धवट तुंबलेली वाट आयडलपुरते डिझेल सहज देते. तिचे खरे रूप चढावरच कळते.

दुसऱ्या वेळी आम्ही पाना हातात घेण्याआधी साध्या गोष्टी पाहिल्या. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर पंपाचा लिव्हर शेवटच्या स्क्रूपर्यंत जातो का, इंजिन बंद करण्याची केबल अर्धवट अडकली नाही ना, एखाद्या चाकाचा ड्रम ब्रेक चिकटून तापत नाही ना, हे सगळे ठीक होते. दोन्ही फिल्टर नवे घातले. नंतर टाकीचे झाकण सैल ठेवून थोडा चढ चढून पाहिला, कारण टाकीचे हवेचे छिद्र बुजले तरी अशीच लक्षणे दिसतात; फरक पडला नाही. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी जोडली, तर तिच्यात बुडबुडे नव्हते. हवा शिरत नव्हती, म्हणजे वाट अडत होती.

मग काकांनी कॅबिनमागे २० लिटरचा कॅन घट्ट बांधला आणि फीड पंपाला व रिटर्नला थेट त्यातून नव्या नळ्या दिल्या. त्याच मालासह गाडी खंबाटकी न थांबता चढली, आणि गिअर बदलताना काळा झोत परत आला. पंप, नोझल, फीड पंप, तिघेही एका खेपेत निर्दोष ठरले.

उरली टाकी आणि फीड पंपापर्यंतची दीड मीटरची रबरी नळी. ती दोन वर्षांपूर्वी रस्त्यात फुटल्यावर मिळेल त्या दुकानातून घेतली होती आणि बाहेरून अगदी चांगली दिसत होती. मी ती ब्लेडने उभी चिरली. डिझेलने फुगलेला आतला थर एका बाजूने सुटून जिभेसारखा लोंबत होता; बोटाने दाबला की पोकळी जवळजवळ पूर्ण बंद होई, आणि सोडला की हळूहळू मागे सरके. जोराची ओढ लागली की तो वाट अडवत होता आणि इंजिन थांबल्यावर मोकळी करत होता. दहा मिनिटांच्या विश्रांतीचा उलगडा तिथे झाला.

आता तिथे डिझेलसाठीच बनवलेली नायट्राइल रबराची नळी आहे. तिचा खर्च एक हजारापेक्षाही कमी आला. टाकीतील जाळीवर मात्र गंजाची बारीक पूड सापडली आहे. त्यामुळे पुढच्या आठवड्यात टाकी उतरवून आतून धुऊन घेण्याचे काम बाकी आहे.