महालक्ष्मी गेली

चर्चगेटहून सुटलेल्या स्लो लोकलमध्ये आईने विचारलं, "कुठं आलो गं?" मोबाइलमधून डोकं वर न काढता मी म्हटलं, "महालक्ष्मी गेली. आता लोअर परळ."

"गेली काय? मागे राहिली म्हण!"

समोर मेथी निवडत बसलेल्या बाई खुदकन हसल्या. २०१८ साली एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं, तेव्हापासून दादर येईपर्यंत आईला दोन-दोन देव्या सांभाळाव्या लागतात.

आमच्या घरी दिवा विझत नाही, शांत होतो. पोथी संपत नाही, तिची सांगता होते. नारळ वाढवतात. लहानपणी मी वाढवलेला नारळ केवढा झाला ते बघायला धावले होते. पाहते तर दोन भकलं. मंगळसूत्रही वाढतंच म्हणे. (पोत गाठवायला सोनाराकडे जावं लागतं ते लागतंच.)

लालबागच्या कारखान्यात मी पहिल्यांदा एकटी गेले तेव्हा विचारलं, "ही मूर्ती केवढ्याला विकता?" कारागिराच्या हातातला ब्रश थांबला. "विकत नाही ताई, गणपती घरी न्यायचा असतो." मग पावतीवर आकडा लिहिला आणि क्यूआर कोड पुढे केला. मला यात ढोंग दिसलं नाही. हिशेब चोख, तोंड सांभाळून.

गंमत म्हणजे या सगळ्यात अहो-जाहो कुठेच नाही. ऑफिसात साहेब 'आले', घरी गणपती 'आला'. जनाबाई तर विठोबाला सरळ 'विठ्या' म्हणते. आदरार्थी बहुवचन आपण दिलं ते रोगाला: देवी 'आल्या'. १९८० साली तो रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं; आईच्या दंडावर देवी काढल्याची खूण अजून आहे. तिच्याकडे पाहिलं की वाटतं, अहो-जाहो भीतीपोटी असावं. माया असली की माणूस अरे-तुरे करतो, फक्त क्रियापद जपून वापरतो.

मी काही देवभोळी नाही. उपास मला झेपत नाहीत, आरतीची तिसरी कडवी येत नाहीत. पण गेल्या वर्षी गिरगाव चौपाटीवर भाचा टाळ्या पिटत ओरडला, "बुडाला, बुडाला!" तेव्हा त्याच्या तोंडावर हात ठेवणारी मीच होते.

एवढ्यात कंबरभर पाण्यातून मूर्ती नेणारा पोरगा परत आला. रिकाम्या पाटावर मूठभर ओली वाळू होती. पाट आईच्या हातात देत तो म्हणाला, "पोचला, काकी."