माई आजीचं कुंकू आणि सातबारावरचं एक नाव

गेल्या रविवारी काकांनी व्हॉट्सॲपवर अकरा फोटो पाठवले. मनीऑर्डरची कुपनं. पिवळी पडलेली, घडीवर विरलेली; काहींवर भायखळ्याच्या पोस्टाचा शिक्का अजून वाचता येतो. पाठवणाऱ्याचं नाव आमच्यापैकी कुणाच्याच ओळखीचं नाही. अक्षर मात्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे, कारण त्याच अक्षरातली आरत्यांची वही दर गणपतीत आमच्या हातात असते.

तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. मंडळी, इथल्या गोष्टी मी तुम्हाला नेहमी लिहिते, पण आज इथून तिथलंच लिहिणार आहे.

मी राहते ते फाल्मथ कॉर्नवॉलमध्ये, इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला. समुद्र, डोंगर, मासेमारीच्या होड्या आणि सतत पाऊस, त्यामुळे रेवदंड्याकडची आठवण फार लांब जात नाही. इथल्या लायब्ररीत प्रेम आणि रहस्य एकत्र गुंफलेल्या कादंबऱ्यांचं एक अख्खं कपाट आहे. जुनं घर, बंद खोली, बोलायला कचरणारा मालक, हरवलेला वारस आणि या सगळ्यात जीव अडकलेली एक तरुण मुलगी. या कादंबऱ्यांना हलकं समजणारे खूप आहेत. मला ते पटत नाही. आपण ज्याच्यावर प्रेम करतो त्याला आपण ओळखतो का, हा प्रश्न त्या इतक्या धीटपणे विचारतात की रात्रपाळीनंतरही पुस्तक खाली ठेववत नाही.

‘रेबेका’ १९३८ साली लिहिणाऱ्या डाफ्ने ड्यू मॉरिए याच भागात राहिल्या. ज्या मेनाबिली नावाच्या घराचा त्यांना ध्यास होता ते त्यांनी १९४३ मध्ये भाड्याने घेतलं, जिवापाड सांभाळलं आणि १९६९ मध्ये मूळ मालकांच्या वारसासाठी सोडलं. घर आपलं, पण कागदावर आपलं नाही, हे दुःख कोकणातल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. ‘जेन आयर’ तर १८४७ची. त्यात उपाशी, भिजलेली जेन ज्या अनोळखी दारात कोसळते ते पुढे तिच्या आतेभावंडांचंच घर निघतं. चुलत्याचे वीस हजार पौंड तिच्या एकटीच्या नावे येतात आणि ती त्याचे चार सारखे वाटे करते, प्रत्येकाला पाच हजार. नाती सापडल्याचा तिचा आनंद पैशांपेक्षा मोठा आहे. ते पान मी दर वेळी दोनदा वाचते.

दोन वर्षांपासून मी मराठीत अशी एक कादंबरी लिहायचा प्रयत्न करते आहे. जागा ठरलेली होती: आमची नारळी-पोफळीची वाडी, ओटी, पडवी, माजघर आणि माळा. पण रहस्य तिथे टिकेना. इंग्रजी कादंबरीत वरच्या मजल्यावरच्या खोलीत एक आख्खं माणूस लपवता येतं. आमच्या माळ्यावर इरली, जुनी भांडी, सोललेले नारळ आणि दुपारभर नाचणारी पोरं. तिथे काय लपणार?

कुपनं पाहिली आणि माझं चुकलं कुठे ते कळलं. आपल्याकडे गुपित लपलेलं नसतंच. ते सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त उच्चारलेलं नसतं. खरा प्रश्न ‘काय घडलं’ हा नसतो, ‘आधी कोण बोलणार’ हा असतो.

रत्नागिरीकरांना हे मी सांगायला नको. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याच्या थोरल्या मुलीचं मन तिथल्या एका दरवानावर जडलं, आणि तो तर लग्न झालेला. १९०६ मध्ये त्यांना मुलगी झाली, टूटू. राजा १९१६ मध्ये रत्नागिरीतच गेला. कुटुंब १९१९ मध्ये ब्रह्मदेशात परतलं, पण राजकन्या पुढे मुलीला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली. राजाची ही नात तिथेच संसार करून, मराठी बोलत, गरिबीत जगली आणि २००० साली गेली. ती कोण हे गावाला माहीत होतं. एवढी मोठी गोष्ट गल्लीत रोज समोरून जात होती.

तर आमची गोष्ट.

माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ मुंबईत नोकरीला होते. आरत्यांची ती वही त्यांच्याच हातची. १७ जुलै १९४७च्या ‘रामदास’ बोटीने येतो असं त्यांचं कार्ड आलं होतं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट वादळात काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. रेवस-अलिबागच्या पट्ट्यात आजही असं घर भेटतं, जिथे त्या दिवसाबद्दल आवाज खाली येतो. कितीतरी जणांचे देह मिळालेच नाहीत. आमच्या या धाकट्या आजोबांचाही नाही.

त्यांची बायको, माई आजी, तेव्हा बावीस वर्षांची होती. तिने एकच विचारलं, “बोटीत चढताना त्यांना कुणी पाहिलं?” पाहिलेला माणूस सापडला नाही. तिने कुंकू पुसलं नाही.

बेपत्ता माणसाबद्दल दोन हिशेब आहेत. तेव्हा लागू असलेल्या (आणि २०२४ मध्ये रद्द झालेल्या) १८७२च्या पुरावा कायद्याच्या १०८व्या कलमाप्रमाणे सात वर्षं ज्याची काहीच खबर नाही तो हयात आहे, हे तसं म्हणणाऱ्याने सिद्ध करायचं. रूढीचा हिशेब बारा वर्षांचा; मग पळसाच्या पानांची आकृती करून तिला अग्नी द्यायचा, त्याला पालाशविधी म्हणतात. म्हणजे १९५४ ते १९५९ अशी पाच वर्षं एखादी बाई कोर्टाच्या लेखी विधवा आणि घराच्या लेखी सवाष्ण असू शकत होती. माझ्या कादंबरीला याहून मोठं काय हवं होतं? माई आजीने दोन्ही मुदती ओलांडू दिल्या. भटजी दोनदा येऊन गेले. ती दोन्ही वेळा वाडीत शिंपणं करत राहिली.

पहिलं कुपन १९५१चं आहे, शेवटचं १९६१चं. दर वर्षी एक, श्रावणात. मजकुराची जागा अकराही कुपनांवर कोरी.

मी काकांना फोन लावला. ते आता ऐंशीचे आहेत.

“काका, तुम्हाला माहीत होतं?”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अगं, पोस्टमन ओटीवर यायचा नाही. मागून, विहिरीकडून यायचा. मी रहाटाशी खेळत असायचो. माई अंगठा करायची नाही, सही करायची. मग आत जाऊन देवापुढे पैसे ठेवायची. पोराला कळतं गं सगळं.”

“मग कधी बोलला का नाहीत?”

“ती बोलली नाही ना.”

भायखळ्यात त्यांचा दुसरा संसार असणार, असं काकांना वाटतं. नाव बदलण्याचं कारण मला कायद्यात दिसतं. मुंबई प्रांताने १९४६ मध्येच पहिली पत्नी असताना हिंदू पुरुषाने दुसरं लग्न करणं गुन्हा ठरवलं होतं. ‘रामदास’ बुडाली आणि त्यांना मरून जायची वाट मिळाली. हा माझा तर्क, पण अकरा कुपनं पुढ्यात ठेवून केलेला. राग आला मला, अजूनही येतो. आणि दर श्रावणात पोस्टात रांगेत उभा राहणारा तो माणूसही डोळ्यांसमोरून हलत नाही.

ही कुपनं निघाली ती माईच्या ट्रंकेतून. ती ट्रंक उघडण्याची वेळ आता का आली, तेही सांगते. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आमच्या पोफळी आडव्या झाल्या, कौलं उडाली, तेव्हा ती माळ्यावरून खाली आली. माईची म्हणून कुलूप कुणी तोडलं नाही. यंदा भाच्याला वाडीत होमस्टे काढायचा आहे आणि बँकेला सातबारा स्वच्छ हवा. सातबारावर या धाकट्या आजोबांचं नाव आजही आहे. वारस नोंद करायची तर मृत्यूचा दाखला लागतो आणि तो माईने शेवटपर्यंत कुणाला काढू दिला नाही. हट्टी बाई, असं सगळे म्हणायचे. त्या एका नावामुळे गेल्या तीस वर्षांत वाडी विकली गेली नाही, हेही तितकंच खरं.

शिवाय वारस म्हणजे कोण? दुसरं लग्न बेकायदा असलं तरी त्यातली मुलं आईबापांच्या मिळकतीत हक्कदार असतात. वडिलोपार्जित मिळकतीतल्या बापाच्या वाट्यातही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलं आहे. म्हणजे भायखळ्यात कुठेतरी माझे काका, आत्या, चुलतभावंडं असतील आणि त्यांना वाडी ठाऊकही नसेल. मला त्यांना शोधायचं आहे. चार वाटे करणारी जेन माझ्या डोक्यातून जात नाही.

कादंबरीत मी नातवंडांच्या पिढीत एक प्रेमकथा गुंफली होती. ती काढून टाकली. प्रेमकथा माई आजीचीच आहे, मला उगाच दुसरी शोधायला लागली होती.

ती १९९८ मध्ये गेली. मी तेव्हा शाळेत होते. बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं, ओटी भरली, सवाष्णीला पाठवतात तसं पाठवलं. सगळी आळी जमली होती. एकानेही विचारलं नाही की नवरा पन्नास वर्षांपूर्वी बुडाला, मग ही सवाष्ण कशी. ते मला आत्ता समजतंय.

तेव्हापासून तिचं श्राद्ध पितृपक्षात अविधवा नवमीला होतं. परवा काकांचा पुन्हा फोन आला.

“दाखल्याचा अर्ज करायचा तर तारीख लागेल. १९४७ची दिली, तर मग माईची नवमी?”

मला उत्तर सुचेना. मागून काकूंचा आवाज आला, बहुतेक भाजणी चाळत होत्या.

“तारीख तुम्ही हवी ती घाला. नवमीला सवाष्ण जेवायला मी सांगून ठेवली आहे.”