माझा अनुभव: पाण्याच्या ट्रेमधल्या इक्विपोटेन्शियल लाइन्स

एफवायबीएस्सीला इक्विपोटेन्शियल लाइन्स, म्हणजे सारख्या व्होल्टेजचे बिंदू जोडणाऱ्या रेषा, काढायचं प्रॅक्टिकल आलं तेव्हा सामान बघून हसूच आलं. काचेचा ट्रे, त्याच्याखाली ग्राफ पेपर, ट्रेमध्ये अर्धा सेंमी नळाचं पाणी, तांब्याच्या दोन पट्ट्या १२ सेंमी अंतरावर आणि ६ व्होल्ट एसी सप्लाय. एसीच का, तर डीसी लावलं की पट्ट्यांवर बुडबुडे धरतात आणि रीडिंग सरकत राहतं. ट्रे पण लेव्हलमध्येच पाहिजे, एका बाजूला पाणी खोल झालं की लाइन्स वाकड्या येतात, म्हणून आम्ही खाली कागदाच्या घड्या सरकवत बसलो.

काम तसं कंटाळवाणं. मल्टिमीटरची एक पिन पट्टीला, दुसरी पाण्यात फिरवायची, १ व्होल्ट दिसला की टिंब, थोडं सरकायचं, परत १ व्होल्ट शोधायचा, पार्टनर आकडे ओरडतोय आणि मी टिंबं मारतेय. जोडल्यावर मधल्या भागात सरळ रेषा आल्या, दर २ सेंमीला १ व्होल्टचा फरक, म्हणजे इलेक्ट्रिक फील्ड (अंतरागणिक व्होल्टेज किती बदलतं ते) ५० व्होल्ट पर मीटर. पण फील्ड मोजायचं काही यंत्र टेबलावर नव्हतंच हं! रेषेवरून सरकलं तर व्होल्टेज बदलत नाही, म्हणजे त्या दिशेला फील्डच नाही, मग असेल ते सगळं रेषेच्या काटकोनातच. बारावीत हे दोन मार्कांसाठी नुसतं घोकलं होतं.

मग सरांनी मधोमध ४ सेंमी व्यासाची तांब्याची रिंग ठेवली. रिंगच्या आत पाण्यात पिन कुठेही टेकवा, ३ व्होल्टच! आत फील्ड शून्य. बाहेर मात्र पट्टीपासून रिंगपर्यंत ४ सेंमीच उरले आणि त्यातच ३ व्होल्ट मावायचे, त्यामुळे तिथे रेषा दाटल्या, सरासरी ७५ व्होल्ट पर मीटर.

मला सगळ्यात आवडलं ते काचेच्या कडेला. तिथे रेषा भिंतीला काटकोनात येऊन टेकतात, कारण काचेतून करंट जात नाही, मग फील्ड भिंतीला धरूनच जातं. पुस्तकातल्या चित्रांना भिंतच नसते, त्यामुळे हे तिथे दिसत नाही.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या एक्स्टर्नलनी विचारलं, एसीला प्लस-मायनस कुठे असतं, मग फील्डची दिशा दाखवणारे बाण कसे काढलेस? म्हटलं सर, एका क्षणापुरती एक पट्टी प्लस धरलीय, पुढच्या अर्ध्या सायकलला सगळे बाण उलटे. जर्नलवर सही झाली.