आरपीएल करायचंय? आधी बोटं बघा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी लेथवर (कॉम्प्युटरवर चालणारं कातकामाचं मशीन) माझी अर्धी नोकरी गेली, पण कंपनीच्या कागदावर मी अजून दहावी पास हेल्पर. बाहेरचं गिऱ्हाईक ऑडिटला आलं की कामगारांची सर्टिफिकेटं मागतं, म्हणून आम्हा जुन्या लोकांना आरपीएल (रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग, म्हणजे आधीच्या कौशल्याला मान्यता) करायला लावलं. शिकायचं नवीन काही नाही. जे काम येतं तेच तपासून सरकारी सर्टिफिकेट. पंतप्रधान कौशल्य विकास योजना 2015 ला आली, त्यातलीच ही सोय.

सगळ्यांना टेन्शन परीक्षेचं. मी अडकलो त्याच्या कितीतरी आधी.

पोर्टलवर आधारची ई-केवायसी लागते आणि ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर. माझा तो नंबर केव्हाच बंद पडलेला. तो बदलायला मी आधार केंद्रात गेलो, तिथं बोटाचा ठसा मागितला. गाडी रुतली ती इथं. वर्षानुवर्षं हात कूलंटमध्ये (मशीन थंड ठेवणारं पाणी), बर म्हणजे धारदार कड राहिलेले जॉब, म्हणजे मशीनवरचे लोखंडी भाग, उघड्या हातानं उचललेले. माझा अंगठा गुळगुळीत, वर दोन आडव्या चिरा. मशीनवर ठेवला की लाल दिवा. दुसरं बोट, तिसरं बोट, लालच. ऑपरेटर पोरगा म्हणतो, "अण्णा, साबणानं धुऊन या." धुतले. परत लाल. "नाळे बर्री," म्हणजे उद्या या. दुसऱ्या दिवशी सर्व्हर डाऊन, त्यानंतर गेलो तर टोकन संपलेली. दर वेळी अर्ध्या दिवसाचा पगार गेला तो वेगळाच. रांगेत माझ्यापुढं एक गवंडीमामा होते, त्यांचीही तीच रड. बोटं सिमेंटनं खाल्लेली.

शेवटी दुसऱ्या एका केंद्रात गेलो. तिथल्या बाईंनी बोटांचा नाद सोडला आणि सरळ डोळे स्कॅन केले. चहा पिऊन होईस्तोवर पावती हातात. डोळ्यांचं ते यंत्र पहिल्या ठिकाणीही टेबलावरच पडलेलं होतं, हे आठवलं की अजून डोकं तापतं.

तेव्हा खिडकीवर गेल्या गेल्या सांगा, डोळे घ्या म्हणून. नुसता नंबर बदलायला दुसरा कुठलाही कागद लागत नाही, झेरॉक्सवाल्याची भर करू नका. पावतीवरच्या यूआरएनचा (बदलाच्या अर्जाचा नंबर) फोटो काढून ठेवा.

परीक्षा? असेसरनं, म्हणजे परीक्षकानं, टूल ऑफसेट (हत्याराच्या मापाची मशीनमधली नोंद) घ्यायला लावला, मायक्रोमीटरनं जॉब मोजून घेतला आणि प्रोग्रॅममधल्या एम00 नि एम01 या कोडमधला फरक विचारला. एम00 ला मशीन थांबतंच, एम01 ला पॅनेलवरचं बटण चालू असेल तरच. आमच्यातला एक डिप्लोमावाला पोरगा तिथं अडखळला, मी नाही. हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्यांना कन्नड वाचायला जड जातं त्यांनी पेपर आणि तोंडी कुठल्या भाषेत, ते नोंदणीच्या वेळीच विचारून घ्यावं.

पगार लगेच वाढला नाही. पण शॉपमधल्या स्किल मॅट्रिक्सच्या (कुणाला कुठलं काम येतं त्याचा तक्ता) बोर्डावर माझ्या नावापुढं आता ऑपरेटर लिहिलंय, आणि दुसरीकडं अर्ज टाकायचा झाला तर एनएसक्यूएफची (कौशल्याच्या पायऱ्यांची राष्ट्रीय चौकट) लेव्हल छापलेला कागद डिजिलॉकरमध्ये आहे.

एक राहिलंच. सर्टिफिकेटवर नाव आधारवरचंच येतं. आडनावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्क्स कार्डाशी जुळत नसेल तर नंबराबरोबर तेही उरकून घ्या. त्याला मात्र पुराव्याचा कागद लागतो, आणि नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. खिडकी सोडण्याआधी पावतीवरचं एकेक अक्षर वाचा.